आधी धुऊ नका

“हे कुणी धुतलं?”

प्रश्न भंगारवाल्याला होता, पण मिस्त्रींचा आवाज असा काही चढला की दादा आणि मी दोघंही चपापलो. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या पुढं महामार्गाला लागून मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या शेड आहेत, त्यातल्या एकीत आम्ही उभे होतो. पुढ्यात ट्रकची दोन मागची हौसिंगं, म्हणजे मागच्या आसाची लोखंडी कवचं, पडली होती, इंजिनाचा जोर चाकांना वाटून देणारे डिफरन्शियल आत बसलेलेच. एकाला काळा रंग मारलेला, इतका ताजा की अजून टर्पेंटाइनचा वास येत होता. नटांच्या डोक्यांवरूनसुद्धा ब्रश फिरलेला. दुसरं म्हणजे नुसता चिखलाचा ढीग. माती, ग्रीस आणि पाझरलेलं ऑइल यांचा बोटभर जाड थर, त्यात उसाच्या पाचटाचे तुकडे चिकटून वाळलेले. भाव दोन्हींचा एकच. मिस्त्रींनी रंगवलेल्याचा ऑइल भरायचा प्लग उघडला, बोट आत घालून फिरवलं, नाकाशी नेलं, उजेडात धरलं. मग ते पँटीला पुसून चिखलाच्या ढिगाकडं वळले. तिथंही तेच केलं. “हे द्या,” म्हणाले. भंगारवाल्यानं मोठ्या मनानं विचारलं, “धुऊन देऊ का?”

“नको. हात लावू नका त्याला.”

ते “हात लावू नका” माझ्या डोक्यात अडकून बसलं. आम्ही ज्या घरात वाढलो तिथं बाहेरून आलेली कुठलीही वस्तू आधी मोरीत जायची आणि मग घरात यायची. भाजी, दुधाच्या पिशव्या, शाळेतून आलेली आम्ही दोघं. बाबा गाडीवरून आले की आई दारातच त्यांच्या हातात साबणाची वडी ठेवायची. स्वच्छ ते चांगलं, यापलीकडं त्या विषयात काही बोलण्यासारखं असेल असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. आणि इथं चाळीस वर्षं काळ्या नखांनी वावरलेला माणूस धुतलेल्या वस्तूवर संशय घेत होता. येताना टेम्पोत मी विचारलंच. “ताई, त्यात दुधाळ साय हुती ऑइलवर,” ते म्हणाले. “ती गाडी कवातरी पाण्यात उभी ऱ्हायलीय. रंग मारला की रेघ दिसत न्हाई.” पुढं काही समजावून सांगायची गरज नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत हाच महामार्ग पाण्याखाली गेला होता. ट्रकच्या रांगा आमच्याकडं सगळ्यांनी पाहिल्या आहेत. भंगारवाल्याला ते ठाऊक होतं की त्यानं नुसता गिऱ्हाइकाला बरा दिसावा म्हणून रंग मारला होता, कोण जाणे. तो माणूस मला लबाड वाटला नाही. आम्ही निघताना त्यानं आम्हाला चहा पाजला.

दादाची गाडी १६१३. म्हणजे सोळा टनांची, एकशे तीस घोड्यांची. टाटांच्या जुन्या गाड्यांच्या नावातच अर्धा दाखला असतो. वैभववाडीकडून करूळ घाट भरल्या गाडीनं चढताना डिफरन्शियलमधल्या पिनियनचा, म्हणजे इंजिनाकडून फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचा, दात गेला. असा दात एकटा जात नाही. तुटलेला तुकडा फिरत्या दातांत सापडतो, आणखी दोन उडवतो, त्यांचा चुरा बेरिंगात शिरतो. गाडी ओढून आणावी लागली. पिनियन आणि तो ज्याला फिरवतो तो मोठा दातेरी क्राऊन यांचा नवा जोड, बेरिंगं, सील, मजुरी असा हिशेब दादानं एका जुन्या बिल्टीच्या मागं मांडला आणि ती बिल्टी चुरगाळून टाकली. गाडीचा हप्ता तसाही थकला होता. मी शाळेत गणित शिकवते. गॅरेजमध्ये माझं काम काय, तर शाळेला सुटी होती आणि पैशात निम्मा वाटा माझा होता. आपले पैसे कशात जातात ते बघायला हरकत नव्हती.

खरं तर दुसरंही कारण होतं. बाबांची १२१० होती तेव्हा मे महिन्यात एखादी खेप ते मला बरोबर न्यायचे. शाहू मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरायचे आणि गुजरातला उतरवायचे. बाबा त्या गाडीला ‘बेंझ’ म्हणत. टाटा आणि डेम्लर-बेंझ यांचा १९५४ सालचा करार १९६९ लाच संपला होता, पण त्यांच्या पिढीच्या तोंडून ते नाव काही गेलं नाही. केबिनमध्ये गूळ, डिझेल आणि उदबत्ती यांचा एकत्र वास असायचा आणि टेप सतत चालू. मध्येच बाबा टेप बंद करायचे. मला वाटायचं गाणं आवडलं नाही. ते मागचं ऐकत असायचे. पाय दाबल्यावर गाडी ओढायला लागली की येणारी बारीक शीळ वेगळी, पाय काढल्यावर येणारी वेगळी, आणि नुसत्या वळणावर येणारी खरखर आणखी वेगळी. तिन्हींची घरं वेगळी आणि खर्चही वेगळा. ढाब्यावर उतरलं की आधी मागं जाऊन हौसिंगवर पालथा हात ठेवायचे. हात ठेवून राहवलं तर ठीक. नाही राहवलं तर जेवण मुकाट्यानं व्हायचं.

आजोबांच्या बैलगाडीला असली काही भानगड नव्हती. आसावर दोन्ही चाकं मोकळी. वळताना बाहेरचं जास्त फिरलं, आतलं कमी फिरलं, कुणाचं कुणावाचून अडत नाही. वंगणाचं नळकांडं तेवढं खाली टांगलेलं. चाकांना बैलांऐवजी इंजिन फिरवायला लागलं तेव्हा पंचाईत झाली, कारण आता दोन्ही चाकांना जोर तर द्यायचा आणि वळणावर त्यांना एकमेकांपेक्षा कमीजास्त फिरूही द्यायचं. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर डिफरन्शियलची तोड काढली, तीच थोड्याफार फरकानं आजही आमच्या टेम्पोच्या हौद्यात चिखलात माखून पडली होती. घड्याळजीनं ती काढली याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं. गॅरेजमधलं सगळं काम बघितल्यावर तर जास्तच.

गॅरेज उद्यमनगराच्या मागच्या अंगाला. शेजारी लेथ, पलीकडं फाउंड्री, गल्लीत लोखंडाच्या निळ्या कुरळ्या कपच्या पसरलेल्या. हौसिंग चेन कुप्पीनं उतरवून लोखंडी घोड्यांवर ठेवल्याबरोबर पोरगं डिझेलची बादली आणि ब्रश घेऊन आलं. “थांब रं,” मिस्त्री म्हणाले, आणि पुढचा अर्धा दिवस त्या बादलीला कुणी शिवलं नाही.

आधी फक्त पुढचा फ्लँज, म्हणजे पिनियनच्या टोकाची चकती, हातानं फिरवून बघितला. सावकाश, डोळे मिटून, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला. कुठं अडतो का, कुठं खर्र करतो का, वर-खाली हलतो का. मग खालचा प्लग काढून ऑइल एका पांढऱ्या परातीत घेतलं. परात पांढरी का ते ऑइल पडल्यावर कळलं. काळं, पण काळ्यातही पारदर्शक. परात वाकडी केली की काठावरचा पातळ थर मधासारखा तपकिरी दिसत होता. दूध नाही, चकाकणारी भुकटी नाही. वास मात्र असा की मी पदर नाकाला लावला. त्या वासाला कारण आहे. या डिफरन्शियलमध्ये पिनियन क्राऊनच्या ऐन मध्यावर लागत नाही, थोडा खाली लागतो. अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीनं १९२० च्या दशकात ही रचना पुढं आणली. त्यामुळं दात मोठे आणि मजबूत होतात, पण ते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही, आणि प्रचंड दाबाखाली घसरतात. साधं ऑइल तिथं टिकत नाही, म्हणून त्यात गंधकाची आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दातांवर ती एक पापुद्रा धरतात. सडक्या लसणासारखा तो वास त्या गंधकाचा. मिस्त्रींना तो वास आला म्हणून समाधान वाटलं. “जळका न्हाई,” म्हणाले. जळल्याचा वास आला असता तर त्यांनी तिथंच पुन्हा झाकण लावून हौसिंग परत पाठवलं असतं.

प्लगच्या टोकाला चुंबक होतं. त्यावर राखाडी मेणासारखा गोळा जमला होता. तो त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पसरला आणि अंगठ्यानं चोळला. मला वाटलं होतं की इथं लोखंड सापडलं म्हणजे संपलं. पण चालत्या गाडीच्या चुंबकावर अशी पेस्ट असतेच. नसली तर उलट ऑइल नुकतंच बदललंय असं समजायचं. भीती कपचीची. अंगठ्याला टोचेल असं काही त्यात निघालं नाही. हे सगळं धुऊन झाल्यावर कुठून मिळणार होतं? परातीतलं ऑइल, चुंबकावरची पेस्ट, कुठल्या सीलमधून किती पाझरलंय ते सांगणारा बाहेरचा चिखल. सीलच्या खाली थर ओला आणि बाकी वाळलेला होता, म्हणजे एकच सील गेलेलं. चिखल पट्टीनं खरवडताना मिस्त्री प्रत्येक सांध्याशी थांबत होते. हौसिंगला कुठं तडा असला तर त्याच्या रेषेतून ऑइल झिरपून मातीवर काळी शीर उमटते. रंगाखाली ती शीर कुणाला दिसली असती?

डिफरन्शियलपासून चाकांपर्यंत जाणारे हाफ शाफ्ट ओढून काढले आणि उन्हात धरले. टोकाच्या खाचा सरळ आहेत का, एवढंच बघायचं. फार ओझं वाहिलेल्या गाडीच्या शाफ्टच्या खाचा किंचित पिळलेल्या असतात. या सरळ होत्या. मग पुढचे नट सोडून डिफरन्शियल कुप्पीला टांगून बाहेर काढला. शंभर किलोच्या वरचं ते लोखंड हवेत गोल फिरलं आणि पहिल्यांदाच क्राऊन दिसला: ऑइलानं माखलेला, तरीही प्रत्येक दातावर एक लांबट चकचकीत पट्टा.

तो पट्टा मिस्त्री बराच वेळ बघत बसले. दाताची एक बाजू गाडी ओढताना लागते आणि दुसरी पाय काढल्यावर, उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवतं तेव्हा. साध्या रस्त्यावरच्या गाडीची ही दुसरी बाजू कमी घासलेली असते. इथं दोन्ही बाजू सारख्याच उजळ होत्या. “घाटातली गाडी हाय ही,” ते म्हणाले. मग डिफरन्शियलच्या मधल्या फुलीच्या आकाराच्या आसावरचे छोटे गिअर काढले, तर फुलीच्या एका हातावर बारीक ओरखडे. एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि दुसरं जागचं हलत नाही, तेव्हा हे छोटे गिअर त्या फुलीवर जिवाच्या आकांतानं फिरतात, ऑइल फेकलं जातं आणि लोखंडावर लोखंड घासतं. म्हणजे उसाच्या फडात रुतलेली गाडी. पाचट तर बाहेर होतंच. घाटात चालणारी, हंगामात उसाला लागणारी, माल मर्यादेतच भरणारी गाडी. मालक कोण, मोडीत का काढली, यातलं काही आम्हाला माहीत नव्हतं, पण ड्रायव्हरचा पाय कसा होता ते माहीत झालं होतं. मला ते जरा नको इतकं वाटलं. कुणाच्यातरी घरातलं कपाट उघडून बघावं तसं. दादाला असलं काही वाटत नव्हतं. “बरा ड्रायव्हर होता,” एवढंच म्हणाला आणि फुलीच्या वायसरची किंमत विचारायला लागला.

मिलिमीटरचे शतांश मापणारं डायल गेज ही गॅरेजमधली सगळ्यात जपलेली वस्तू. जुन्या मोज्यात, मोजा डब्यात, डबा देवाच्या फोटोखाली. अजूनही काहीच धुतलं नव्हतं. पुसलेल्या एका दाताला गेजची सुई टेकवून पिनियन घट्ट धरला आणि क्राऊन हातानं किंचित मागंपुढं केला. काटा ०.४२ मिलिमीटरवर थांबला, म्हणजे दातांमधली मोकळीक तेवढी. आणखी तीन ठिकाणी मापलं, एक-दोन शतांशांचा फरक. मिस्त्रींनी खडूनं भिंतीवर ‘४२’ लिहून त्याभोवती गोल केला. बेरिंगच्या टोप्यांवर आणि त्यांच्या बुडाशी सेंटर पंचानं ठिपके मारले, डावीकडं एक आणि उजवीकडं दोन. टोप्या जागेवर बसवून मगच त्यांचं भोक कापलेलं असतं, त्यामुळं डावी उजवीकडं चालत नाही. हे ठिपके मारून झाल्यावर ते उठले, पाठीला हात लावून वाकले आणि पोराला म्हणाले, “हां. आता धू.”

धुण्याचं काम मात्र मन लावून बघण्यासारखं. परातीत डिझेल, मऊ ब्रश, दाताच्या मुळाशी जायला बांबूची काडी. पेट्रोल नाही, भडका उडतो. पाणी तर नाहीच. पुसायला धागे न सुटणारं धुतलेलं सुती धोतर, कारण कॉटन वेस्टचा एखादा दोरा बेरिंगमध्ये राहिला तर तो कधी निघत नाही. पोरानं बेरिंग धुऊन हवेच्या पाइपखाली धरलं. कोरडं बेरिंग हवेनं फिरायला लागलं की शिट्टीसारखा चढत जाणारा आवाज येतो आणि कुठल्याही पोराला तो आवडणारच. मिस्त्रींनी पाठीत धपाटा घातला. ऑइल नसलेले रोळ त्या वेगानं फिरले की जागच्या जागी चरे पडतात, आणि पिंजरा सुटला तर तुकडा डोळ्यात जातो. हवा मारायची ती बेरिंग हातात घट्ट धरून, फिरू न देता, आणि लगेच ऑइलमध्ये बुडवायचं. धुतलेलं लोखंड उघडं राहिलं की पावसाळी हवेत संध्याकाळपर्यंत तांबारतं. बाजूच्या एका बेरिंगच्या रोळावर नखाला लागेल असा खड्डा सापडला. तेवढं बेरिंग टाकायचं ठरलं, आणि त्याच्याबरोबर त्याची बाहेरची कडीही. कडी दिसायला चांगली होती, पण ती जोडीनंच बदलतात.

क्राऊन धुऊन उन्हात आला आणि मला त्याच्या मागच्या बाजूला कोरलेले आकडे दिसले. ४१ आणि ६. क्राऊनचे दात एक्केचाळीस, पिनियनचे सहा. त्याखाली एक नंबर, तोच पिनियनच्या टोकावरही. हे दोघं कारखान्यात एकमेकांवर घासून तयार होतात आणि जोडीनंच विकले जातात. दादाच्या मोडक्या जोडावरही ४१-६ च होतं, ते आम्ही आधीच खडूची खूण करून, फ्लँजचे फेरे मोजून बघितलं होतं: क्राऊनच्या एका फेऱ्याला फ्लँजचे जवळपास सात फेरे. ३७-६ चा जोड बसला असता तर गाडी सपाटीवर जरा पळाली असती आणि करूळ चढताना रडली असती. पण मला त्या एक्केचाळीसनं धरून ठेवलं. बेचाळीस का नाहीत? सहानं भाग गेला असता, हिशेब सोपा झाला असता. आणि नेमकं तेच नको असतं. बेचाळीस असते तर पिनियनचा प्रत्येक दात जन्मभर क्राऊनच्या त्याच सात दातांना भेटला असता. एकाला चरा पडला की तो त्याच सातांना ओरबाडत राहणार. एक्केचाळीस आणि सहा सहमूळ. लसावि दोनशे शेहेचाळीस. म्हणजे क्राऊनच्या सहा फेऱ्यांत, रस्त्यावर जेमतेम वीस मीटरांत, प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला एकदा भेटून गेलेला असतो, आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. सहावीच्या वर्गात लसावि शिकवताना “याचा उपयोग काय?” विचारणारं एक पोर दरवर्षी असतं. इतकी वर्षं मी त्याला एकाच वेळी वाजणाऱ्या घंटांचं उदाहरण देत आले.

मिस्त्रींना मी हे उत्साहानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर हाय. आता ती परात जरा सरकवा.”

वायसर, नवं बेरिंग, नवी सीलं घालून जोडणी सुरू झाली तेव्हा मला वाटलं होतं की आता पुस्तकातलं माप धरतील. असल्या क्राऊनला नवेपणी साधारण ०.२० ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान मोकळीक देतात. आमचा भिंतीवरचा ४२ त्याच्या बाहेर होता. दादाही म्हणाला, जरा घट्ट करा की. मिस्त्रींनी मान हलवली. हे दात इतकी वर्षं एका ठरावीक अंतरावर एकमेकांवर घासून बसलेत. झिजलेला खळगा आणि न झिजलेली कड यांच्यामध्ये एक सूक्ष्म पायरी तयार झालेली असते. पुस्तकाप्रमाणं जवळ आणले तर ते खळग्यात न बसता त्या पायरीवर चढतात, आणि मग जी शीळ सुरू होते ती थांबत नाही, शेवटी दात घेऊन जाते. जुना जोड त्याच्या जुन्या जागेवरच गेला पाहिजे. पिनियनखालच्या शिमा, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, जशा निघाल्या तशाच परत गेल्या. दोन्हीकडच्या आट्यांच्या रिंगा एक खाच इकडून सोडत, एक खाच तिकडून आवळत, गेजचा काटा पुन्हा ४२ वर आणायला त्यांना एवढा वेळ लागला की दादा दोनदा बाहेर जाऊन आला. पिनियनच्या बेरिंगवरचा ताण मापायला फ्लँजला सुतळी गुंडाळली आणि तिला भाजीवाल्याकडं असतो तसला स्प्रिंगचा काटा लावून ओढली. जुन्या बेरिंगला नव्यापेक्षा कमी ताण द्यायचा, हेही तेव्हाच समजलं.

शेवटी शेंदूर आला. मारुतीला लावतात तोच, ऑइलात कालवलेला. हल्ली यासाठी निळ्या रंगाच्या ट्यूबा मिळतात, त्या गॅरेजात होत्याही, पण काळ्या लोखंडावर शेंदूर लांबून दिसतो असं मिस्त्रींचं म्हणणं. क्राऊनच्या आठ-दहा दातांना तो ब्रशनं लावला, पोरानं क्राऊनला लाकूड लावून अडवून धरला आणि मिस्त्रींनी पिनियन फिरवला. जिथं दात टेकले तिथला शेंदूर निघून लोखंड उघडं पडलं. ठसा दाताच्या माथ्याकडं सरकला असता तर पिनियन लांब राहिला असं समजायचं, मुळाशी गेला असता तर फार आत. हा ठसा जुन्या चकचकीत पट्ट्यावर बरोबर बसला होता, एका टोकाला केसभर कमी. मिस्त्रींनी त्या केसभराकडं बघत तंबाखू मळली आणि रिंग अर्धी खाच फिरवली. शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायचा नाही, हा नियम पोरालाही पाठ होता. उरलेला शेंदूर कुठं गेला ते सांगायला नको. गॅरेजच्या दारात मारुती होताच.

एवढं झाल्यावर डिफरन्शियल गाडीत चढेल असं मला वाटत होतं. पण खरी घाण अजून बाकी होती आणि ती आमचीच होती. मोडका डिफरन्शियल काढून दादाचं हौसिंग उघडं पडलं होतं. त्यात वाकून बघितलं तर काही दिसत नव्हतं. काळं, ओलं, बऱ्यापैकी स्वच्छ. मिस्त्रींनी लांब सळीच्या टोकाला जुन्या स्पीकरचं चुंबक बांधलं आणि हाफ शाफ्टच्या नळीत कोपरापर्यंत हात घालून फिरवलं. बाहेर आलं तेव्हा त्यावर तांदळाएवढ्या कपच्या होत्या. पुसून पुन्हा घातलं, पुन्हा कपच्या. डिझेल ओतलं, खंगाळलं, चिंध्या ओढल्या, पुन्हा चुंबक. दर वेळी वाटायचं की आता कोरं येईल. एकदा तर नखाएवढा दाताचा तुकडा आला, तुटल्या कडेला साखरेसारखा करकरीत. तो हौसिंगच्या कोपऱ्यात जुन्या ऑइलच्या साक्यात रुतून बसला होता, आणि पहिल्याच खड्ड्यात सुटून नव्या दातांत गेला असता. परक्याचा माल आम्ही वास घेऊन, चोळून, उजेडात धरून बघून घेतला होता. दादा गप्प होता. मग त्यानं सळी स्वतःच्या हातात घेतली आणि चुंबक लागोपाठ कोरं येईपर्यंत कुणाला दिली नाही.

वरचा ब्रीदरही त्यानंच काढला. पेनाच्या टोपणाएवढी वस्तू, चिखलानं पक्की बुजलेली. आतली हवा तापून फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती सीलमधून ऑइल ढकलते आणि ते थेट ब्रेकच्या लायनरवर जातं. आणि तापलेलं हौसिंग पाण्यात उतरलं की उलट आत पाणी ओढलं जातं. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढणाऱ्या किती जणांनी हे एवढंसं टोपण कधी उघडून बघितलं असेल?

एक गोष्ट मला शेवटपर्यंत पटली नाही. धुतलेलं ते सगळं डिझेल, काळं, जड, चकाकणारं, पोरानं गल्लीच्या गटारात ओतलं. गळालेलं ऑइल तसं वाया जात नाही, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला लोक ते विकत नेतात. पण धुवणीचं डिझेल कुणी घेत नाही, आणि इथलं गटार शेवटी पंचगंगेकडंच जातं. मी तसं म्हटलं. मिस्त्रींनी “मग कुठं ओतू, सांगा” म्हणून विचारलं आणि तो प्रश्न खराच होता. एक पिंप ठेवा म्हणाले मी. पिंप ठेवलं तर ते भरल्यावर काय, हे मलाही सांगता आलं नाही.

गाडी जोडून, पातळीवर उभी करून, भोकाच्या काठाला लागेपर्यंत नव्वद नंबरचं ऑइल भरलं, थोडं थांबून ते खाली उतरल्यावर पुन्हा भरलं, आणि रिकामीच कागलपर्यंत नेली. मिस्त्री मधे बसले. टेप बंद करायला कुणाला सांगावं लागलं नाही. पाय दाब, सोड, न्यूट्रल, वळव. ओढताना काही नाही, सोडताना एक अगदी बारीक सूर, चाळिशीच्या वेगाला येणारा आणि पुढं विरणारा. मी मिस्त्रींकडं बघितलं. “तो आधीपासनंचा त्याचा आवाज हाय,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ दे.” परतल्यावर त्यांनी हौसिंगवर पालथा हात ठेवला, बराच वेळ ठेवला.

पहिल्या दीड-दोन हजार किलोमीटरनंतर ऑइल बदलायचं आणि चुंबक बघायचं असं बजावून गाडी सोडली. दादानं ते वापीला केलं. तिथून त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला: प्लग, त्यावर राखाडी पेस्ट, शेजारी पेस्ट चोळलेला त्याचा अंगठा. तोच मिस्त्रींनाही पाठवला होता आणि त्यांचा आवाजी निरोप मला पुढं ढकलला: “चुरा न्हाई. भरा ऑइल.” त्याखाली दादानं लिहिलं होतं की मागच्या उजव्या चाकाचं ब्रेक लायनर संपलंय, डावंही फार दिवसांचं नाही, एक तारखेपर्यंत पाच हजार जमतील का.